आधी बोल्ट, मग कव्हर

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची २००८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.९ डिझेल. बाबा गेल्यावर ती विकायची नाही असं ठरवलं, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंगही करून घेतलं. मी चिपळूणला शिक्षिका आहे आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला आईकडे जाते. गेल्या महिन्यात पंक्चर काढणाऱ्या मुलाने गाडी जॅकवर घेतली आणि म्हणाला, "मॅडम, खालचं कव्हर कुठाय? इंजिन उघडंच आहे." वाकून बघितलं तर खरंच. पट्टा, पुल्या सगळं दिसत होतं आणि सगळ्यावर लाल चिखलाचा थर. एका बाजूला काळ्या प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा तारेने बांधलेला. आमचे मेकॅनिक म्हणतात, त्या कव्हराची काही गरज नसते, उलट नसलं तर इंजिन थंड राहतं. दुसरे एक जण म्हणतात, लोखंडी प्लेट मारून देतो, जन्माची कटकट मिटेल. पार्टच्या दुकानात विचारलं तर इतक्या जुन्या गाडीचं मिळत नाही म्हणाले. कोणाचं ऐकू?

सल्ला

ताई, आधी एक विचारतो. तो तारेने बांधलेला तुकडा अजून गाडीलाच आहे ना? कुणी कचरा म्हणून ओढून काढला असेल तर आजच्या आज गॅरेजात जाऊन कोपऱ्यातून शोधून आणा. या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातात असलेली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. का, ते पुढे येईल.

हे कव्हर पडतं रस्त्यात, पण हरवायला सुरुवात होते गॅरेजात. ऑइल बदलायचं म्हणजे चेंबरचा, इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट खोलायचा, आणि त्यासाठी आधी कव्हर उतरवायचं. उतरवताना एखादा बोल्ट गंजून बसलेला असतो, तो तुटतो. परत लावताना एक क्लिप सापडत नाही. पिटात अंधार, वर पुढचं गिऱ्हाईक घाई करतंय. दहातले आठ लागले, ठीक आहे, चालतंय. पुढच्या सर्व्हिसिंगला आठाचे सहा. त्याच्या पुढच्या वेळी पुढच्या कडेचे दोन्ही गायब, आणि तिथे एक केबल टाय. मग एके दिवशी हायवेला ती सैल कड वारा धरते आणि अख्खं कव्हर शिडासारखं फुगून खाली येतं.

माझ्या स्वतःच्या गाडीचं आंबा घाट उतरल्यावर, साखरप्याच्या अलीकडे, असंच झालं होतं. खालून फरफट ऐकू आली म्हणून थांबलो, तर कव्हर मागच्या दोन बोल्टांवर लोंबत होतं आणि पुढची कड डांबरावर घासून सुरीसारखी धारदार झालेली. जवळ पाना नाही, तार नाही. डिकीत नारळाच्या पोत्याला सुंभ बांधलेला होता, तो सोडून कव्हर वर आवळलं आणि तसाच निघालो. पालीपर्यंत जळका वास यायला लागला. सुंभ एक्झॉस्टला लागला होता. पीळ उरला की नाही हे बघायला थांबलो नाही, कव्हर सोडवून मागच्या सीटवर टाकलं. घरी येऊन त्याची भोकं मोजली. दहापैकी चार भोकांच्या कडा स्वच्छ, घासलेल्या होत्या. उरलेल्या सहांत माती गच्च बसलेली. म्हणजे त्या सहा जागी कित्येक महिने बोल्ट नव्हताच, आणि मी दर सर्व्हिसिंगला बिल भरून हसत घरी येत होतो.

त्या दिवसापासून जो विचारेल त्याला मी उलट्या क्रमाने काम सांगतो: आधी बोल्टांच्या जागा नीट करा, मग कव्हर शोधा. लोक नेमकं याच्या उलट करतात. महिनाभर धडपडून कव्हर मिळवतात, मग ते लावायला खाली चार आटे गेलेली भोकं आणि दोन मोडके ब्रॅकेट, की परत तार आलीच.

आता तुमच्या मेकॅनिकच्या म्हणण्याकडे येऊ. कव्हर नसलं म्हणून गाडी उद्या बंद पडणार नाही हे त्यांचं खरं आहे. इंजिन थंड राहतं हे मात्र अर्धवट. रेडिएटरमधून हवा जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी असतो म्हणून. इंजिनाखालचा भाग बंद असेल तर समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन ठरलेल्या वाटेने मागे निघते. खालून उघडं असलं की तिथेही वारा घुसतो आणि ती वाट थोडी विस्कटते. तुमच्या गाडीत याचा फरक हाताला लागण्याइतका नाही, म्हणून मी त्याचा बाऊ करणार नाही. आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर जाऊ नका. या गाड्यांचा तापमानाचा काटा मुद्दामच असा बनवलेला असतो की पाणी थोडं कमीजास्त तापलं तरी तो ९० वरच चिकटून राहतो.

कव्हराचं खरं काम पावसाळ्यात कळतं. तुम्ही पाहिलेला तो लाल थर बघा कुठे बसलाय. ऑल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा तिथे खाली उघडा आहे. जांभ्याची माती पाण्याबरोबर त्याच्या खाचांत गेली की पट्टा आधी कुरकुरतो, मग झिजतो, आणि पुल्यांचे बेअरिंग बोलायला लागतात. उजव्या चाकाच्या पुढे या इंजिनाचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, आहे, त्याचे पाईप खालच्या अंगाला आहेत. आणि मध्यभागी चेंबर. या १.९ डिझेलचा चेंबर ॲल्युमिनियमचा ओतीव आहे. पत्र्याच्या चेंबरवर दगड बसला तर खळगा पडतो, ओतीव मात्र तडकतो. कुंभार्लीत टायरखालून उडालेली खडी, रस्त्याच्या कामावरचा एखादा टोकदार दगड, यातल्या बऱ्याच गोष्टी कव्हर अंगावर घेतं. पण स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर टेकली तर ते काही वाचवणार नाही. रेनकोट आहे तो, हेल्मेट नव्हे. साचलेल्या पाण्यात गाडी घालायची हिंमत तर त्याच्या भरवशावर मुळीच करू नका. पाणी हवेच्या वाटेने इंजिनात गेलं की डिझेलचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तेच पाणी खालून रेटा देऊन कव्हरही उपटून नेतं. चिपळूणच्या माणसाला पाण्याबद्दल मी आणखी काय सांगणार.

तेव्हा घाई नाही, पण मृगाच्या आत काम झालं पाहिजे. तोवर गाडी खुशाल चालवा. फक्त तो तुकडा लोंबत असेल तर सोडवून घरात ठेवा, आणि लाल ऑइलचा दिवा लागून बीप वाजला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ असं न म्हणता जागच्या जागी इंजिन बंद करा. उघड्या चेंबरची गाडी असेपर्यंत हे लक्षात असू द्या.

पहिलं काम: गाडी लिफ्टवर घ्या. मुद्दाम लिफ्ट म्हणतोय, कारण याच्यासाठी अर्धा तास खाली उभं राहून बघावं लागतं. घरच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. अगदीच घरी करणार असाल तर सपाट जमीन, मागच्या चाकांना उटी, हँडब्रेक आणि दोन जॅक स्टँड, आणि तेही टेकवल्यावर गाडी एकदा हलवून बघायची. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो.

वर बघितल्यावर आधी चिखल काढायला सांगा. पाण्याचा जोराचा फवारा ऑल्टरनेटरवर मारू देऊ नका. ब्रश, साबणाचं पाणी आणि वेळ, एवढं पुरतं. चिखल गेला की पट्ट्याला तडे आहेत का बघा, पुल्या हाताने फिरवून खरखर लागते का बघा. आणि ऑइल कुठून झिरपतंय का, हे सगळ्यात महत्त्वाचं. कव्हर नसताना गळती अंगणात डागाच्या रूपाने दिसते. कव्हर लावलं की तेच ऑइल त्यात साठतं, आतल्या आवाज शोषणाऱ्या फोमात मुरतं आणि तुम्हाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. ऑइलने चिंब झालेला फोम गरम एक्झॉस्टजवळ असणं चांगलं नाही. गळती असेल तर आधी ती बंद करा. झाकायचं नाही.

आता जागा मोजायच्या. या गाडीचं कव्हर साधारण तीन तुकड्यांचं असतं, मधला मोठा आणि दोन बाजूंना दोन पंख. ते पुढे बंपरच्या खालच्या कडेला, बाजूला चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकला आणि मागे सबफ्रेमला, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला, धरलेलं असतं. प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा आणि खडूने आकडा टाका. कुठे बोल्ट तुटून आत राहिलाय, कुठे आटे गेलेत, कुठे पत्र्याची स्प्रिंगसारखी क्लिप-नटी होती ती निघून गेलीय, हे लिहून काढा. बहुतेक जागी सहा टोकांचा स्टार स्क्रू असतो, टी-२५ चा बिट लागतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने रेटून त्याचं डोकं गोल केलेलं असतं तिथूनच अर्धी रड सुरू होते.

गंजलेल्या बोल्टाला आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. सकाळी पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, परत थोडा आवळायचा. हा मागेपुढे करण्याचा संयम गॅरेजात कुणाकडे नसतो, म्हणून तिथे उभं राहा. सबफ्रेममधले ६ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे मळाने भरलेले असतील तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ होतात. पार गेले असतील तर ६.८ मिलिमीटरचं भोक पाडून ८ चा टॅप मारता येतो, पण त्यासाठी आजूबाजूला पुरेसं जाड लोखंड हवं. पातळ पत्र्यात रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट, चांगला बसतो. कुणी वेल्डिंगने नट चिकटवतो म्हणाला तर बॅटरीच्या तारा सोडल्याशिवाय हात लावू देऊ नका, आणि डिझेलच्या नळ्या कुठून जातात ते त्याला आधी दाखवा.

जागा झाल्या की पुठ्ठा घ्या. फ्रीजच्या खोक्याचा असतो तसा मोठा, जाड. गाडी लिफ्टवर असतानाच तो खाली धरून भोकांच्या जागी पेनाने टोचून खुणा करा, पुढची बाजू कुठली ते बाण काढून लिहा, चेंबरच्या बोल्टाची जागाही दाखवा. हा पुठ्ठा घडी घालून डिकीत ठेवा. बाजारात "बसेल हो मॅडम, सेम आहे" असं कुणी म्हणालं की तो त्याच्या कव्हरावर पसरायचा. मापासमोर तोंडाचा कारभार चालत नाही.

आणि आता तुमचा तो तुकडा. या कंपनीच्या जवळजवळ प्रत्येक प्लॅस्टिकवर आतल्या अंगाला नंबर उठवलेला असतो: तीन-तीनच्या गटांत नऊ खुणा, आणि शेवटी बहुतेकदा एखादं अक्षर. मधला गट ८२५ असेल तर तुकडा खालच्या कव्हराचाच. सुरुवात १जे० ने असेल तर गोंधळू नका. १जे हा गोल्फच्या चौथ्या पिढीचा कोड आहे, आणि तुमची ऑक्टाव्हिया त्याच सांगाड्यावर उभी आहे, म्हणून कितीतरी भाग दोघींचे एकच. शेवटचं अक्षर सुधारित आवृत्तीचं असतं. ते जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर पुठ्ठ्याने खात्री करून घ्यायची. त्याच तुकड्यावर दोन टोकदार खुणांच्या मध्ये पीपी किंवा पीई अशी अक्षरंही असतील. ती प्लॅस्टिकची जात. ती लिहून ठेवा, लागणार आहे.

स्टेपनीच्या खाचेत आणि सर्व्हिस बुकात एक कागदी स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड ओळीने छापलेले असतात. १एस ने सुरू होणारा कोड इंजिनाखालच्या जादा गार्डबद्दलचा. १एसए म्हणजे जादा गार्ड दिलेला नव्हता, १एसबी म्हणजे होता. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पार्टवाल्याला पाठवायला बरा पडतो.

शोधताना एका खड्ड्यात हमखास पडायला होतं, तो आधीच सांगतो. इंटरनेटवर "ऑक्टाव्हिया २००८" टाकलंत तर जे कव्हर दिसेल ते तुमच्या गाडीचं नसण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आपल्याकडे आली तेव्हा पहिलीची विक्री चालूच होती, म्हणून नवीला इथे लॉरा नाव दिलं. बाहेरच्या जगात ती ऑक्टाव्हियाच. तिचं खालचं कव्हर वेगळं, भोकं वेगळी. तुमची जी आहे ती युरोपात त्या काळात ऑक्टाव्हिया टूर नावाने विकली जात होती. तेव्हा शोधा ते टूर नावाने किंवा गोल्फ चार नावाने, आणि नंबर टाकून. पटकन ओळखायचं असेल तर चासी नंबरातली सातवी-आठवी जागा बघा: १यू असेल तर तुमची पिढी, १झेड असेल तर लॉरा. एका वाचकाने मागे दोन वेळा लॉराचं कव्हर मागवून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी तर विकणाऱ्याने त्यालाच दम दिला.

गाडी जोडली गेली छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, तेव्हा तिथे भाग ढिगाने पडले असतील असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. तसं नसतं. सुटे भाग बाहेरून यायचे आणि तिथे जोडणी व्हायची. वापरलेलं कव्हर हवं तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, आणि फोनवरून मागवायची तयारी असेल तर दिल्लीचं मायापुरी. नवं, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेलं कव्हर युरोपातून मागवता येतं, मात्र मोठ्या आकाराच्या पार्सलचं भाडं आणि कस्टम धरून मगच किंमत बघा. माझा कल वापरलेल्या अस्सल कव्हराकडे आहे. बाजारात मिळणारी काही नवी कव्हरं इतकी पातळ असतात की हातात धरली तरी वाकतात.

भंगारातलं कव्हर घेताना उजेडाकडे धरून बघा, केसाएवढी चीर लगेच दिसते. भोकांच्या कडा फाटल्यात का, फोम ऑइलने काळा चिकट झालाय का, पेट्रोल गाडीचं तर नाही ना, हे विचारा. दोन्ही पंख आणि ब्रॅकेट त्याच गाडीवरून उतरवून मागा. मधला तुकडा मिळतो आणि पंख मिळत नाहीत हे दुःख फार जणांचं आहे. आणि बिल मागा, चिटोऱ्यावर का होईना.

एखादी चीर असलेलं कव्हर मिळालं तर नाक मुरडू नका. पण त्यावर फेव्हिक्विक किंवा एम-सील थापून कुणी दिलं तर घेऊ नका. या जातीच्या प्लॅस्टिकला कुठलाच साधा गोंद धरत नाही. मेणावर चिकटपट्टी लावावी तसं होतं, पहिल्याच घाटात सुटतं. म्हणून ती पीपी-पीईची खूण महत्त्वाची. त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून वेल्डिंग होतं, बंपर दुरुस्त करणारे हे रोज करतात. ते नसेल तर गोधडीसारखं शिवून टाका. चीर जिथे संपते तिथे ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं म्हणजे ती पुढे पळत नाही. मग चिरेच्या दोन्ही अंगांना बोटभर अंतराने बारीक भोकं पाडून स्टीलच्या तारेने टाके घालायचे, गाठी आतल्या बाजूला. दिसायला गावठी दिसतं. माझ्या गाडीचं तसंच आहे, आणि त्यावरून सात पावसाळे गेलेत.

आता लोखंडी प्लेट. ती सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. तुमचा घाट, तुमचे रस्ते बघता तिचा विचार करायला हरकत नाही, आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सांगितलेल्या मापाचा पत्रा कापून, वाकवून देणारे कारागीर आहेत. पण हिशेब करा. अर्धा चौरस मीटरची २ मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट जवळजवळ ८ किलो भरते, ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची साधारण ४. ते ओझं जुन्या सहा मिलिमीटरच्या गंजक्या आट्यांवर लटकणार आहे. प्लेट सुटून खाली आली तर ती प्लॅस्टिकसारखी फरफटत नाही, रस्त्यात रुततेच. शिवाय सपाट लोखंड चेंबरच्या जवळ लावलं तर खालून बसलेला धक्का प्लेटमधून थेट चेंबरला पोचतो. मग प्लेट असून नसून सारखीच. करायचीच असेल तर ती इंजिनाला कुठेही न जोडता फक्त सबफ्रेमला आणि पुढच्या आडव्या भागाला धरलेली हवी, चेंबर आणि प्लेटमध्ये दोन बोटांची मोकळी जागा हवी, ऑइल सोडायला झाकण असलेलं भोक हवं, हवा जायला चिरा हव्यात, आणि एक्झॉस्टपासून ती लांब हवी. एवढं सगळं तुमचे ते "मारून देतो" म्हणणारे करणार असतील तर जरूर करून घ्या. 'मारून देतो' या शब्दावरून मला तरी शंका येते. तुमच्या जागी मी असतो तर अस्सल प्लॅस्टिकच लावलं असतं आणि स्पीडब्रेकर तिरका चढलो असतो.

कव्हर हातात आलं की लावायला तासाभराचं काम. पण दोन-तीन गोष्टी जवळ उभं राहून करून घ्या. तुम्ही कोकणातल्या आहात, कौलं कशी बसवतात ते पाहिलंय. वरच्या कौलाची कड खालच्यावर येते, म्हणजे पाणी आत न शिरता वाहून जातं. इथे पाण्याच्या जागी वारा आहे आणि तो पुढून मागे जातो. म्हणून जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे पुढच्याची मागची कड बाहेरून, म्हणजे जमिनीच्या बाजूला, आणि मागच्याची पुढची कड तिच्या आत. उलटं झालं की मागच्या तुकड्याचं तोंड वाऱ्याला उघडं राहतं. पोऱ्याला घाईत हे उलटंच सुचतं, कारण तसं लावायला सोपं जातं.

आधी सगळे बोल्ट दोन-तीन आटे हाताने धरवायचे, एकही पूर्ण आवळायचा नाही. सगळे लागल्यावर मधून कडेकडे आवळत जायचं. प्लॅस्टिक आहे, उन्हात पसरतं, थंडीत आखडतं. भोक बोल्टापेक्षा थोडं मोठं आणि त्यावर रुंद वायसर, म्हणजे त्याला हलायला जागा मिळते. फाटलेल्या भोकांना तर मोठा वायसर हवाच. वायसर आणि प्लॅस्टिकच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती घातली की खडखड येत नाही. बोल्टाला थोडं ग्रीस लावा. तुमच्याकडची खारी दमट हवा एका पावसाळ्यात बोल्ट बसवून टाकते. आवळायचं ते बसेपर्यंत आणि वर पाव फेरा. दात-ओठ खाऊन आवळलेला बोल्ट प्लॅस्टिक चिरतो.

मग कराडची एक खेप करा. घाटात काही घासल्याचा, थरथरल्याचा आवाज येतो का ऐका, काच खाली करून जळका वास येतो का बघा, आणि परत आल्यावर सगळे बोल्ट एकदा तपासा. पहिल्या खेपेला एखादा तरी सैल होतोच.

आणि पुढच्या सर्व्हिसिंगला काय? दोन उपाय आहेत. या इंजिनाचं ऑइल वरून, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढून काढता येतं. कव्हर उतरवावंच लागत नाही. सोय आहे, पण मग वर्षभर खाली कुणी डोकावत नाही हेही खरं, म्हणून एक आड एक वेळा कव्हर उतरवून आत बघून घ्यावं. दुसरा उपाय स्वस्त आहे. तसलेच सहा स्क्रू, चार क्लिप आणि सहा वायसर एका डबीत घालून डॅशच्या खणात ठेवा आणि गाडी देताना डबी मेकॅनिकच्या हातात द्या: "यातलं जे लागेल ते वापरा, पण भोक रिकामं नको." गाडी घ्यायला गेलात की चावी घ्यायच्या आधी खाली वाकून मोजा. दोनदा असं केलंत की तिसऱ्यांदा ते स्वतःच मोजून देतील. मला तरी तसा अनुभव आहे.

तुकड्यावरचा नंबर घासून गेलाय असं वाटलं तर हिरमुसू नका. शाळेतला पांढरा खडू त्यावर आडवा घासा आणि वरून बोटाने हलकेच पुसा. उठावाच्या कडांना खडू धरतो आणि अक्षरं वर येतात. तेव्हा फोटो काढून मला पाठवा, पुढून एक आणि मागून एक.